खोक्यावरचा ‘४के’ नेमका कुणाचा? एका कॅप्चर कार्डाच्या निवडीचे प्रकरण

साताऱ्यातील एका घरात प्लेस्टेशन ५ आहे, दिवाणखान्यात ४३ इंची ४के टीव्ही आहे आणि घरातील थोरल्या मुलीला रात्री जेवणे आटोपल्यावर फुटबॉलचे सामने खेळत त्यांचे मराठी समालोचन यूट्यूबवर थेट प्रक्षेपित करायचे आहे. ती दिवसा एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते, त्यामुळे या उद्योगासाठी तिने स्वतःच्या पगारातून बारा हजार रुपये बाजूला काढले होते आणि त्यावर एक रुपयाही घालण्याची तिची तयारी नव्हती. तिने मला विचारलेला प्रश्न अगदी छोटा होता : “दादा, कुठलं कार्ड घेऊ?” कार्ड म्हणजे कॅप्चर कार्ड, दुसऱ्या यंत्राचे चित्र संगणकात आणणारे उपकरण. या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देता आले असते, पण ज्या घरात ते कार्ड बसणार होते त्या घराची यंत्रसामग्री पाहिल्याशिवाय ते उत्तर बरोबर निघाले असते याची काहीच खात्री नव्हती, म्हणून आधी सगळी यादी करून घेतली.

टीव्ही ४के आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला) दाखवणारा, पण सेकंदाला ६० फ्रेमच्या पुढे न जाणारा. लॅपटॉप काही वर्षांपूर्वी घेतलेला, जीटीएक्स १६५० ग्राफिक्सचा, ८ जीबी मेमरीचा. त्याच्या डाव्या बाजूला ५ गिगाबिटचे दोन यूएसबी पोर्ट, उजव्या बाजूला जुन्या यूएसबी २.० जातीचा एक, आणि एक एचडीएमआय पोर्ट. इंटरनेट फायबरचे, १०० एमबीपीएसचे, अपलोडलाही तितकाच वेग. वीज मात्र सांगून आणि न सांगता जाणारी. टीव्ही एकट्या तिचा नाही हेही यादीत लिहावेच लागले, कारण वडील त्याच्यावर बातम्या आणि क्रिकेट पाहतात आणि बारावीतला धाकटा भाऊ ताई घरी नसताना त्याच प्लेस्टेशनवर शर्यतीचे खेळ खेळतो.

कार्ड घ्यावे की नाही, हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी यायला हवा होता. खेळ संगणकावरच चालत असेल आणि प्रक्षेपणही त्याच संगणकावरून करायचे असेल, तर कॅप्चर कार्डाची काडीचीही गरज नसते. ओबीएस स्टुडिओसारखे मोफत सॉफ्टवेअर ग्राफिक्सकडून थेट चित्र उचलते. कार्ड लावल्याने प्रक्षेपणाचा दर्जा आपोआप सुधारतो, हा समज बराच पसरलेला आहे आणि त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात. कार्ड लागते ते चित्र दुसऱ्या यंत्रात तयार होत असेल तेव्हा : गेमिंग कन्सोल, वेगळा संगणक किंवा एचडीएमआय देणारा कॅमेरा. आमच्या प्रकरणात चित्र कन्सोलमध्ये तयार होत होते, पण प्लेस्टेशन ५ मध्ये यूट्यूबवर आणि ट्विचवर प्रक्षेपण करण्याची सोय मुळातच असते, तीही १०८०पी आणि ६० फ्रेमपर्यंत. मग कार्ड कशासाठी?

कारणे दोन निघाली. पहिले असे की कन्सोलच्या स्वतःच्या प्रक्षेपणात पडद्याची मांडणी आपल्या हातात राहत नाही. तिला कोपऱ्यात स्वतःचा चेहरा, खाली देवनागरीत गुणफलक आणि मध्यंतरात “चहा घेऊन येते” असे लिहिलेली पाटी हवी होती. शिवाय तिच्याकडे असलेला साधा वेबकॅम कन्सोलला चालण्यासारखा नव्हता. दुसरे कारण मला अधिक वजनदार वाटले. वीज गेली की कन्सोल आणि टीव्ही तत्क्षणी बंद पडतात आणि कन्सोलवरून चाललेले प्रक्षेपण तेथेच तुटते. लॅपटॉपला मात्र बॅटरी असते आणि राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर प्रक्षेपण चालूच राहते, प्रेक्षकांना फक्त “वीज गेली आहे, थांबा” अशी पाटी दिसते. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात राहून नियमित प्रक्षेपण करणाऱ्याला ही गोष्ट चित्राच्या स्वच्छतेइतकीच महत्त्वाची आहे, आणि कार्डांच्या तुलनेत ती कोणी कधी मांडत नाही.

कन्सोलचे चित्र घरच्या नेटवर्कवरून लॅपटॉपवर आणणारे रिमोट प्ले हाही एक बिनखर्चाचा मार्ग होता. पण त्यात चित्र एकदा दाबून, म्हणजे त्यातली माहिती कमी करून (कॉम्प्रेस करून), लॅपटॉपकडे येते आणि तेथून यूट्यूबकडे पाठवताना पुन्हा दाबले जाते. शिवाय वायफाय जरा अडखळले की खेळ आणि प्रक्षेपण दोन्ही एकदम अडखळतात. हिरव्या मैदानावर धावणारे बावीस खेळाडू दाखवायचे असतील तर दोनदा दाबलेले चित्र डोळ्यांना लगेच खटकते. हा मार्ग सोडून दिला.

तीन निरनिराळे आकडे

यापुढच्या सगळ्या निवडीचा कणा एकाच गोष्टीत आहे आणि ती कार्डाच्या खोक्यावर क्वचितच स्पष्टपणे छापलेली असते. कॅप्चर कार्डाला एकच क्षमता नसते, तीन असतात. कन्सोलकडून किती मोठे चित्र आत घेता येते, ही पहिली. आत आलेले चित्र टीव्हीकडे जसेच्या तसे किती पुढे सोडता येते, ही दुसरी, जिला पास-थ्रू म्हणतात. आणि संगणकाला प्रत्यक्षात किती चित्र दिले जाते, ही तिसरी. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४के’ असे छापलेले असते तेव्हा तो आकडा या तिघांपैकी जो सर्वांत मोठा असेल त्याचा असतो, आणि प्रक्षेपण करणाऱ्याच्या कामाचा तिसरा आकडा बारीक अक्षरांत मागच्या बाजूला सापडतो.

तिसऱ्या आकड्याला मर्यादा कशाने पडते हे साध्या गुणाकाराने कळते. १०८०पी चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सुमारे साडेबारा कोटी बिंदू होतात आणि प्रत्येक बिंदूला १६ बिट लागतील अशी नेहमीची वाययूवाय२ पद्धत घेतली तर सेकंदाला जवळजवळ २ गिगाबिट माहिती कार्डाकडून लॅपटॉपकडे वाहावी लागते. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ४८० मेगाबिट आहे, म्हणजे गरजेच्या पाव हिश्श्याहूनही कमी. यूएसबी ३.० ची क्षमता ५ गिगाबिट सांगतात, त्यातील एक पंचमांश सांकेतिक रचनेत खर्च होऊन ४ गिगाबिट हाती उरतात. त्यात हे चित्र न दाबता आरामात मावते. आता हाच हिशेब ४के आणि ६० फ्रेमसाठी मांडला तर बिंदू चौपट होतात आणि बिंदूमागे १२ बिटांवर उतरले तरी सुमारे ६ गिगाबिट लागतात. म्हणजे ५ गिगाबिटच्या पोर्टावर ‘४के ६०’ टिपण्याचा दावा दिसला की त्या कार्डात चित्र कुठे तरी दाबले जात आहे असे खुशाल समजावे. ३० फ्रेमचे ४के मात्र ३ गिगाबिटांत बसते. अनेक कार्डांच्या माहितीपत्रकात ‘४के ३०’ आणि ‘१०८०पी ६०’ ही जोडी वारंवार दिसते, तिचे मूळ या गुणाकारात आहे.

आता ही तीन क्षमतांची फूटपट्टी तिच्या घराला लावून पाहिली. टीव्ही ४के ६० आहे, म्हणून पास-थ्रू ४के ६० हवे. नाहीतर कार्ड लावल्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना खेळाचे चित्र आधीपेक्षा वाईट दिसू लागेल. टीव्ही १२० फ्रेम दाखवतच नाही, म्हणून १२० फ्रेमच्या पास-थ्रूसाठी आणि बदलत्या रिफ्रेश दरासाठी (पडद्यावरचे चित्र ताजे होण्याच्या बदलत्या वेगासाठी) जादा पैसे देण्यात अर्थ नाही. प्रक्षेपण १०८०पी ६० वर करायचे आहे, कारण तिचे बहुतेक प्रेक्षक मोबाइलवर पाहणार आहेत आणि ट्विचसारखी सेवा तर साधारण ६,००० किलोबिटांच्या आसपासचाच प्रवाह पाठवा असे सांगते. म्हणून तिसरा आकडा १०८०पी ६० पुरेसा आहे, पण तो न दाबलेला हवा. लॅपटॉप आहे, म्हणून मदरबोर्डवर बसणारी पीसीआय एक्सप्रेसची कार्डे विचारातही घ्यायची नाहीत. एवढे ठरले आणि बाजारातली निम्मी दुकाने आपोआप बंद झाली.

भावाचे डाँगल

दरम्यान, धाकट्या भावाने मित्राकडून एक डाँगल मागून आणले होते. असली डाँगल हजार रुपयांच्या आसपास सगळीकडे मिळतात, पेनड्राइव्हएवढी असतात आणि त्यांच्या खोक्यावरही ‘४के’ छापलेले असते. त्याआधी त्याने प्लेस्टेशनची एचडीएमआय केबल लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टात घालून पाहिली होती, आणि काहीच दिसेना म्हणून केबल खराब ठरवली होती. लॅपटॉपचा तो पोर्ट चित्र बाहेर देण्यासाठी असतो, आत घेण्यासाठी नसतो. केबल ठणठणीत होती.

डाँगल जोडल्यावर पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. याचे कारण डाँगलमध्ये नव्हते. प्लेस्टेशन आपल्या एचडीएमआयवर एचडीसीपी हे नक्कल-प्रतिबंधक कुलूप लावून ठेवते आणि कुलूपबंद चित्र कोणतेही प्रामाणिक कॅप्चर कार्ड टिपत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात एचडीएमआय, तेथे एचडीसीपीचा पर्याय बंद केला की खेळांचे चित्र मोकळे होते. त्याबदली कन्सोलवरची नेटफ्लिक्ससारखी अॅप चालेनाशी होतात. या घरात चित्रपट टीव्हीच्या स्वतःच्या अॅपवर पाहिले जात असल्याने तो तोटा कोणाला जाणवला नाही, पण ज्या घरात कन्सोल हेच चित्रपटांचे साधन आहे तेथे दर वेळी हा पर्याय उघड-बंद करत बसावे लागते.

मग चित्र आले. ओबीएसमध्ये व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसचे गुणधर्म उघडून पाहिले तेव्हा त्या डाँगलची खरी पत्रिका समोर आली. न दाबलेल्या वाययूवाय२ मध्ये १०८०पी निवडले तर सेकंदाला ५ फ्रेम, म्हणजे एकामागून एक सरकणारी छायाचित्रेच. एमजेपेग निवडले तर १०८०पीला ३० फ्रेम, आणि ६० फ्रेम हव्या असतील तर ७२०पीवर उतरायचे. खोक्यावरचे ‘४के’ हे फक्त आत घेण्याच्या क्षमतेचे होते : डाँगल ४के चित्र स्वीकारते आणि आतल्या आत लहान करते. एमजेपेगमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे जेपेग छायाचित्रासारखी दाबली जाते, त्यामुळे संथ चित्र ठीक दिसते. पण कॅमेरा मैदानावरून वेगाने फिरला की गवताचे चौकोनी तुकडे पडत होते, पाठीवरचे क्रमांक विरघळत होते आणि गुणफलकावरच्या लाल अक्षरांच्या कडांना मळकट झालर येत होती. आवाजातही घोळ होता. ही डाँगल संगणकाला आपली ओळख ९६ किलोहर्ट्झचे मोनो उपकरण अशी करून देते, प्रत्यक्षात मात्र ४८ किलोहर्ट्झच्या स्टिरिओचे नमुने एकापुढे एक पाठवत असते; डावा आणि उजवा कान एकत्र गुंफले जाऊन प्रेक्षकांचा गोंगाट पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा ऐकू येत होता.

हे सगळे एक वेळ खपवून घेता आले असते. खपण्यासारखे नव्हते ते हे, की डाँगलला टीव्हीकडे जाणारे तोंडच नव्हते. कन्सोलची केबल डाँगलमध्ये, डाँगल लॅपटॉपमध्ये, आणि खेळायचे लॅपटॉपच्या पडद्यावर ओबीएसचे पूर्वदृश्य पाहत. बटण दाबल्यावर खेळाडू हलेपर्यंत जो उशीर होतो तो मेनू चाळताना सहज चालून जातो, पण गोलरक्षकाला उडी मारायला लावायची असेल तेव्हा तो सामना हातचा घालवतो. पास-थ्रू हा चैनीचा भाग नाही हे तिला माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा या एका संध्याकाळने अधिक नीट पटवले. प्रेक्षकांकडे चित्र काही सेकंद उशिरा गेले तरी बिघडत नाही. खेळणाऱ्याकडे ते लगेच पोचले पाहिजे, आणि ते टीव्हीवर पास-थ्रूनेच पोचते.

बारा हजारांत काय बसते

उरलेल्या पर्यायांत गंभीरपणे विचार करण्यासारखे तीन होते. पहिला, एव्हरमीडियाचे लाइव्ह गेमर मिनी, जीसी ३११. हे यूएसबी २.० वर चालते तरी १०८०पी ६० टिपते, कारण कार्डाच्या आतच एच.२६४ एन्कोडर आहे आणि तो चित्र भरपूर दाबून मगच बाहेर पाठवतो. जुना, अशक्त लॅपटॉप असेल आणि साधा १०८०पी मॉनिटर असेल तर मी आजही हाच पर्याय सुचवेन. पण त्याचे पास-थ्रू १०८०पी ६० पर्यंतच जाते आणि आमचा टीव्ही ४के होता. शिवाय तिच्या लॅपटॉपमधील एनव्हीडियाचा एन्कोडर रिकामाच बसलेला असताना कार्डातल्या एन्कोडरसाठी पैसे मोजण्याचे कारण नव्हते.

दुसरा पर्याय नाव नसलेल्या यूएसबी ३.० कार्डांचा. चार-पाच हजारांत ‘लूप आउट’ म्हणजे टीव्हीकडे जाणारे तोंड असलेली, १०८०पी ६० न दाबता देणारी कार्डे आता मिळू लागली आहेत आणि त्यांतली काही खरोखर चांगली असतात. हा पर्याय मी फेटाळला तो थोड्या नाराजीनेच. एकाच छायाचित्राखाली विकल्या जाणाऱ्या दोन नगांत आतली चिप एकच असेल याची हमी नसते, आणि टीव्हीची माहिती वाचून कन्सोलला ती नीट सांगणे हे कामही प्रत्येक कार्ड सारख्या कसोशीने करत नाही. कन्सोल चित्र कोणत्या आकाराचे पाठवायचे हे पलीकडच्या पडद्याने दिलेल्या ओळखपत्रावरून ठरवतो, ज्याला ईडीआयडी म्हणतात. मध्ये बसलेल्या कार्डाने तेथे स्वतःचेच ओळखपत्र पुढे केले तर ४के टीव्ही असूनही कन्सोल १०८०पीवर उतरतो आणि घरात कोणाला कारण उमगत नाही. बजेट पाच हजारच असते तर हा धोका पत्करा असे मी म्हटले असते, माल परत घेणाऱ्या दुकानातून घ्या एवढे सांगून.

तिसरा पर्याय एल्गाटोच्या एचडी ६० मालिकेचा होता. त्यातले त्या वेळचे नवे कार्ड, एचडी ६० एक्स, बजेटच्या बाहेर जात होते. वापरलेली कार्डे मात्र विक्रीला दिसत होती आणि येथे नावांचा असा काही गुंता आहे की तो सोडवल्याशिवाय कोणी पैसे देऊ नयेत. नुसते ‘एचडी ६०’ हे २०१४ चे कार्ड. ते यूएसबी २.० वर चालते, चित्र आतच एच.२६४ मध्ये दाबते आणि संगणकावर ते काही सेकंद उशिरा दाखवते. ‘एचडी ६० प्रो’ लॅपटॉपला लागतच नाही, ते मदरबोर्डवर बसते. ‘एचडी ६० एस’ २०१६ चे, यूएसबी ३.० वाले, उशीर न करणारे, पण पास-थ्रू १०८०पीपुरतेच. २०१९ च्या ‘एचडी ६० एस प्लस’मध्ये पास-थ्रू ४के ६० आणि एचडीआरपर्यंत पोचले, आणि २०२२ च्या ‘एक्स’मध्ये बदलता रिफ्रेश दर आणि १४४०पीला १२० फ्रेम इत्यादी आले. तिला जाहिरातीत स्वस्त दिसलेले कार्ड पहिल्या जातीचे होते. विकणाऱ्याने नाव बरोबरच लिहिले होते, पण ‘एस’ हे एक अक्षर नाही म्हणजे काय नाही हे वाचणाऱ्याला कळणे अवघड आहे.

शेवटी पुण्यातल्या एका विक्रेत्याकडून वापरलेले एस प्लस तिच्या बजेटात मिळाले. पैसे देण्यापूर्वी लॅपटॉप सोबत नेऊन ते तेथेच जोडून पाहिले : ओबीएसमध्ये १०८०पी ६० चा पर्याय यादीत येतो का, दोन्ही एचडीएमआय तोंडांत केबल सैल तर बसत नाही ना, यूएसबी केबल जरा हलवल्यावर चित्र जाते का, आणि सोबत दिलेली केबल मूळची आहे का. हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा नाही. टाइप-सी तोंडाच्या अनेक केबली केवळ मोबाइल चार्ज करण्यासाठी असतात आणि त्यांतून यूएसबी २.० पुरत्याच तारा गेलेल्या असतात. अशा केबलीने जोडलेले उत्तम कार्डही ओळखलेच जात नाही किंवा अर्धवट चालते, आणि दोष कार्डाच्या माथी येतो.

घरी बसवताना

लॅपटॉपच्या उजव्या बाजूचा पोर्ट हाताशी सोयीचा होता, पण तो २.० चा असल्याने कार्ड डाव्या बाजूलाच लावले आणि माउस उजवीकडे नेला. यूएसबी हब मुद्दाम टाळला. हबमधून एकाच पोर्टाची क्षमता सगळ्यांत वाटली जाते, आणि २ गिगाबिट मागणाऱ्या उपकरणाला वाटेकरी नकोत. एन्कोडिंगचे, म्हणजे चित्र दाबण्याचे, काम ओबीएसमध्ये एनव्हीडियाच्या एनव्हेंक या एन्कोडरकडे दिले, कीफ्रेमचे (मधूनमधून जाणाऱ्या पूर्ण चित्राचे) अंतर २ सेकंद ठेवले आणि बिटरेट, म्हणजे प्रवाहाचा वेग, ९ एमबीपीएस. त्या हिशेबाने तासाला सुमारे ४ जीबी अपलोड होतो; फायबरला ते जाणवत नाही, मोबाइलच्या डेटावर हाच उद्योग परवडला नसता.

पहिल्या चाचणीत टीव्हीवरचे चित्र झकास होते आणि प्रक्षेपणातले मात्र धुरकट, रंग उडाल्यासारखे. प्लेस्टेशन एचडीआरमध्ये चित्र पाठवत होते आणि साध्या रंगांत टिपणाऱ्या साखळीला त्या चित्राची प्रकाशरेषा वाचताच येत नव्हती. कन्सोलच्या व्हिडिओ आउटपुटमध्ये एचडीआर बंद केल्यावर रंग जागेवर आले. प्रक्षेपणाच्या रात्री बंद आणि भाऊ खेळताना चालू, अशी विभागणी घरात ठरली. एचडीआरसकट टिपून एचडीआरमध्येच प्रक्षेपण करण्याचे मार्ग आहेत, ओबीएसच्या २८व्या आवृत्तीपासून त्याला आधारही मिळाला आहे, पण मोबाइलवर पाहणाऱ्या प्रेक्षकांसाठी तो खटाटोप मी तिला सुचवला नाही.

आवाजाचे जुळवणे मात्र वेळ खाणारे निघाले. तिचा मायक्रोफोन थेट लॅपटॉपला जोडलेला होता आणि खेळाचे चित्र-आवाज कार्डातून वळसा घालून येत होते, त्यामुळे प्रक्षेपणात “गोल!” ही आरोळी चेंडू जाळ्यात जाण्याच्या किंचित आधी ऐकू येत होती. एरवी हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, पण समालोचकाला आधीच निकाल ठाऊक असल्यासारखे वाटणे हे समालोचनाच्या मुळावरच येते. उशीर नक्की किती हे मोजण्यासाठी टीव्हीचा आवाज मोठा केला, मायक्रोफोन टीव्हीसमोर ठेवला आणि ओबीएसमध्ये कार्डाचा आवाज एका ट्रॅकवर व मायक्रोफोनचा दुसऱ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित केला. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवल्यावर पंचांची शिट्टी दोन ठिकाणी स्वच्छ उमटलेली दिसली आणि त्या दोन उंचवट्यांमधले अंतर ८० मिलिसेकंदांच्या आसपास निघाले, म्हणजे ६० फ्रेमच्या चित्रात जवळजवळ पाच फ्रेम. ओबीएसच्या प्रगत ध्वनी गुणधर्मांत मायक्रोफोनला तेवढा सिंक ऑफसेट, म्हणजे मुद्दाम घातलेला उशीर, दिला. वेबकॅमच्या चित्रालाही उशिराचा फिल्टर लावावा लागला, पण त्याचे माप अंदाजाने, ओठांकडे पाहून घेतले. प्रक्षेपण चालू असताना ती इअरफोन टीव्हीच्या सॉकेटात लावते, म्हणजे टीव्हीचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरत नाही आणि तिला खेळ उशिराने ऐकावा लागत नाही.

एक घरघर उरली होती. लॅपटॉप चार्जरवर असला की मायक्रोफोनमध्ये बारीक सलग गुणगुण येई आणि चार्जर काढला की ती थांबे. टीव्ही, कन्सोल, कार्ड आणि लॅपटॉप एचडीएमआयच्या व यूएसबीच्या वेष्टनांनी एकमेकांना जोडले गेले की त्यांच्या वीजजोडण्यांतला फरक आवाजात उतरतो. घरातल्या त्या सॉकेटची अर्थिंग तपासल्यावर ती तुटलेली निघाली. वायरमनकडून ती दुरुस्त करून घेतली आणि टीव्ही, कन्सोल व लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणले. गुणगुण पुष्कळ कमी झाली. मायक्रोफोनच्या आवाजासाठी चार्जरची तिसरी पिन काढून टाकावी असा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये, त्याने धातूच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात आणि प्रसंगी त्याहून वाईट घडू शकते.

घरातली तक्रार मात्र वेगळ्याच बाजूने आली. ताई कामावर गेलेली, लॅपटॉप तिच्याबरोबर, आणि भाऊ प्लेस्टेशन लावतो तर टीव्हीवर ‘सिग्नल नाही’. यूएसबीवर चालणाऱ्या बहुतेक कार्डांना पास-थ्रूसाठीही वीज लागते आणि ती लॅपटॉपकडूनच येते. लॅपटॉप नाही तर कार्ड मृत आणि कन्सोल व टीव्ही यांच्यातला पूल तुटलेला. लॅपटॉप नसेल तेव्हा कार्डाची यूएसबी केबल मोबाइलच्या जुन्या चार्जरला लावायची, हा उपाय चालला. कन्सोल चालू केला की टीव्ही आपोआप चालू होण्याची सोयही कार्ड मध्ये आल्यापासून बंद झाली, कारण त्यासाठी एचडीएमआयवरून जाणारा सीईसी नावाचा संदेश बऱ्याच कार्डांतून पुढे जात नाही. वडिलांना आता रिमोटवरून इनपुट बदलावे लागते आणि ही एकच गोष्ट त्यांना अजून मान्य नाही. त्यांच्यासाठी टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टात कार्ड आहे त्याचे नाव मेनूत ‘प्लेस्टेशन’ असे देवनागरीत लिहून दिले.

पुढच्या दिवाळीत टीव्ही बदलून १२० फ्रेमचा घ्यावा असे भावाच्या मनात आहे. तसे झाले तर त्या साखळीत सर्वांत आधी अडवणारा दुवा हेच कार्ड असेल, कारण एस प्लसचे पास-थ्रू ६० फ्रेमवर थांबते. तेव्हा भावाने खेळताना कार्ड वगळून केबल थेट टीव्हीला लावायची, की एचडीएमआय २.१ चे नवे कार्ड घ्यायचे, याचा निर्णय त्या वेळच्या किमती पाहून घ्यायचा आहे. तोवर ताईने कार्डासाठी वेगळे पैसे साठवायला सुरुवात केलेली नाही. पुढची रक्कम चांगल्या मायक्रोफोनला द्यावी, या माझ्या म्हणण्याशी ती सहमत आहे.